गाडीचं तोंड असं का असतं? स्टुटगार्टच्या मर्सिडीज म्युझियममध्ये डिझाइन कसं बघायचं

गाड्यांच्या म्युझियममध्ये गेलं की बहुतेक जण एकच करतात, चकचकीत गाड्या बघत बघत फिरतात, एखाद्या लाल किंवा चंदेरी गाडीसमोर फोटो काढतात, किंमत किती असेल याचा अंदाज लावतात आणि दीड-दोन तासांत बाहेर पडतात. मजा येते, नाही असं नाही, पण डिझाइन म्हणून जे काही तिथं असतं ते बरंचसं हातातून निसटतं. कारण आपण "दिसते कशी" एवढंच बघतो. त्याऐवजी प्रत्येक गाडीसमोर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: ही गाडी बनवणाऱ्यांना नेमकी कसली अडचण होती? माझं तर ठाम मत आहे की गाडीचा आकार म्हणजे त्या अडचणीवर काढलेला तोडगा असतो, आणि अडचण कळली की गाडी आपोआप समजायला लागते. इंजिनिअर असायची काही गरज नाही.

हे समजावून घ्यायला जर्मनीतल्या स्टुटगार्टचं मर्सिडीज-बेंझ म्युझियम फार चांगलं आहे. एकाच कंपनीचं आहे त्यामुळे सगळ्या जगाचा इतिहास मिळत नाही हे खरं, फोर्ड नाही, सिट्रोएन नाही. पण १८८६ पासूनची सलग साखळी एका छताखाली आहे, साधारण १६० गाड्या, आणि एका अडचणीतून पुढची अडचण कशी निघाली ते ओळीने बघता येतं.

आधी बिल्डिंगबद्दल, कारण ती पण डिझाइनचाच भाग आहे. २००६ मध्ये हे म्युझियम उघडलं, आर्किटेक्ट नेदरलँड्सची यूएनस्टुडिओ ही फर्म. लिफ्टने थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं आणि उतारावरून गोल गोल फिरत खाली यायचं. उतरायला दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींभोवती वळत जातात, डीएनएच्या चित्रात दोन पट्ट्या असतात ना, तशी रचना. एक वाट काळाप्रमाणे जाते, त्या दालनांत उजेड कमी आणि नाटकाच्या स्टेजसारखी लायटिंग. दुसऱ्या वाटेवर बस, ट्रक, अॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेडच्या गाड्या, पोपची गाडी, प्रिन्सेस डायनाने वापरलेली गाडी असं सगळं, आणि तिथं मोठ्या काचांमधून भरपूर दिवसाचा उजेड. दोन्ही वाटा अधूनमधून एकमेकींना भेटतात त्यामुळे कंटाळा आला की इकडून तिकडे जाता येतं.

आता अशा बिल्डिंगची अडचण काय? मधला चौक खालपासून वरपर्यंत मोकळा, सगळे मजले त्यात उघडे. आग लागली तर धूर सगळ्या मजल्यांवर पसरणार. मजल्यामजल्याला दारं आणि भिंती घातल्या असत्या तर सगळी गंमतच गेली असती. म्हणून भिंतींमध्ये १४४ ठिकाणी हवेचे झोत सोडायची सोय केलीये, ते झोत चौकातली हवा गरगर फिरवतात, त्यातून एक वावटळ तयार होते, आजूबाजूचा धूर ती मध्ये ओढून घेते आणि छतावरचा पंखा तो बाहेर फेकतो. ही वावटळ ३४ मीटरहून उंच होते, माणसाने बनवलेली सगळ्यात उंच वावटळ म्हणून तिची गिनीज बुकमध्ये नोंद आहे. म्हणजे भिंती नकोत हा आर्किटेक्टचा हट्ट पूर्ण करायला धुराचा वेगळाच बंदोबस्त शोधावा लागला. गाड्यांच्या बाबतीत पण हेच परत परत दिसतं.

लिफ्टमधून वर उतरलं की समोर पहिला दिसतो तो पांढरा घोडा. त्याच्याजवळ जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य आहे, आपला विश्वास घोड्यावर आहे आणि मोटारगाडी ही काही दिवसांची गोष्ट आहे, अशा अर्थाचं. इथून पुढे वळलं की १८८६ च्या दोन गाड्या, आणि माझ्या मते घाई असली तरी इथं थांबायलाच पाहिजे.

एक कार्ल बेंझची तीनचाकी. तिचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. मूळ गाडी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे, इथं तिची हुबेहूब प्रतिकृती आहे. दुसरी गॉटलिब डाइमलरची चारचाकी. दोघांची वर्कशॉप्स वेगवेगळ्या गावांत, बेंझचं मानहाइमला आणि डाइमलरचं स्टुटगार्टजवळ कानश्टाटला (दोघांच्या कंपन्या एक झाल्या त्या पुढे). डाइमलरची गाडी बघितली की घोडागाडीच वाटते, कारण ती घोडागाडीच आहे, बग्गी बनवणाऱ्याकडून त्याने तयार बग्गी घेतली आणि त्यात इंजिन बसवलं. त्याला कुठल्याही वाहनात बसेल असं छोटं वेगवान इंजिन बनवायचं होतं, मग ती बोट असो नाहीतर बग्गी. बेंझची गाडी मात्र घोडागाडीसारखी दिसत नाही, स्टीलच्या नळ्यांची फ्रेम, सायकलसारखी तारांची चाकं. इंजिन आणि गाडी ही एकच वस्तू म्हणून त्याने विचार केला होता.

आणि तीन चाकं का? चार चाकांची गाडी वळवताना आतलं चाक आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या कोनात वळावं लागतं, कारण बाहेरच्या चाकाचं वर्तुळ मोठं असतं. बेंझला त्यावेळी याचं मनासारखं उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून पुढे एकच चाक ठेवलं, प्रश्नच संपला. १८९३ मध्ये त्याने चार चाकांच्या स्टिअरिंगचं पेटंट घेतलं आणि मग चारचाकी आणली. गाडीच्या मागे खाली वाकून बघा, एक मोठं चाक आडवं, जमिनीला समांतर ठेवलंय. ते फ्लायव्हील, इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं जड चाक. उभं ठेवलं तर जोरात फिरताना गाडीच्या वळण्यावर परिणाम करेल अशी बेंझला भीती होती म्हणून आडवं. इंजिन ९५४ सीसीचं पण ताकद एक हॉर्सपॉवरही नाही, पाऊणच, आणि स्पीड ताशी १६ किलोमीटर. बॉनेट नाही, पुढे जाळी नाही, तोंड म्हणावं असं काहीच नाही. इंजिन सीटच्या मागे, आणि इंजिन थंड कसं व्हायचं तर आजूबाजूचं पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं, मग परत पाणी घालायचं.

ही पाण्याची भानगड लक्षात ठेवा, कारण गाडीचं तोंड त्यातूनच तयार झालं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्टा बेंझ, म्हणजे कार्लची बायको, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला याच प्रकारच्या गाडीतून निघाली, शंभरहून जास्त किलोमीटर, आणि नवऱ्याला न सांगता. इतक्या लांब मोटारगाडी कोणी नेलीच नव्हती. वाटेत पाणी घालत घालत जावं लागलं, विसलॉख गावात एका औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, पेट्रोलची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने साफ केली, ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की बर्टाबाईंनी नुसतं धाडस केलं नाही, गाडी कुठे कमी पडते ते रस्त्यावर शोधून काढलं. चढावर ताकद पुरत नाही हे त्यांनी परत आल्यावर सांगितलं आणि मग चढासाठी आणखी एक गिअर आला.

पुढच्या दालनात १९०१ येतं. नीसला राहणारा एमिल येलिनेक नावाचा एक श्रीमंत व्यापारी डाइमलर कंपनीच्या गाड्या विकायचा आणि शर्यतीत पळवायचा. त्याला जास्त स्पीड पाहिजे होता. पण तेव्हाच्या गाड्या उंच आणि आखूड, ताकद वाढवली की वळणावर उलटायची भीती. म्हणून डिझायनर विल्हेल्म मायबाखने गाडी लांब केली, खाली आणली, इंजिन पुढे बसवलं. ३५ हॉर्सपॉवर. येलिनेकने आपल्या मुलीचं नाव दिलं, मर्सेडीस. आजची गाडी जशी दिसते, पुढे इंजिन, मग माणसं, लांब आणि बुटकी, ती रचना इथं पहिल्यांदा नीट जमली असं म्हणायला हरकत नाही.

पण ३५ हॉर्सपॉवरचं इंजिन प्रचंड तापणार, पाणी उकळून उडवत बसलं तर गाडीत टाकीच न्यावी लागेल. मायबाखने काय केलं, जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून एक चौकट बनवली, म्हणजेच रेडिएटर. नळ्यांच्या आतून वारा जातो आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी फिरतं. साधं तत्त्व आहे, पाण्याचा जेवढा जास्त पृष्ठभाग वाऱ्याच्या जवळ येईल तेवढं ते लवकर थंड होतं, आणि हजारो बारीक नळ्या केल्या की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. त्यामुळे पूर्वीच्या निम्म्या पाण्यात काम भागलं आणि तेच पाणी फिरत राहिलं. आता ही चौकट वाऱ्याच्या तोंडावर पाहिजे, म्हणजे गाडीच्या सगळ्यात पुढे, उभी. झालं, गाडीला तोंड मिळालं! कोणी चित्र काढून ठरवलं नव्हतं. म्युझियममध्ये त्या काळातल्या मर्सिडीजच्या अगदी पुढ्यात जाऊन तो रेडिएटर बघा, मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसते, ती शोभेची जाळी नाही, तो प्रत्यक्ष रेडिएटर आहे.

नंतर १९३१ च्या १७० मॉडेलमध्ये खरा रेडिएटर मागे गेला आणि पुढे संरक्षण म्हणून जाळी आली. तिथून जाळी आणि रेडिएटर यांची फारकत सुरू झाली. लोकांना तोवर त्या चौकटीची इतकी सवय झाली होती की तिच्यावरूनच गाडी ओळखायचे. आज इलेक्ट्रिक गाड्यांना तेवढा वारा लागत नाही तरी बऱ्याचदा पुढे जाळीच्या आकाराची बंद काळी पाटी असते, का ते आता कळलं असेल.

तिसऱ्या दालनात नाझी काळ येतो. कंपनीने लढाऊ विमानांची इंजिनं बनवली, सक्तीने आणलेल्या मजुरांकडून कारखान्यात काम करून घेतलं, हा इतिहास तिथं टाळलेला नाही. त्या भिंतींसमोरून पटकन पुढे जाऊ नये असं मला वाटतं, शेजारच्या ५४० के सारख्या देखण्या गाड्या त्याच वर्षांतल्या आहेत.

त्याच काळातली एक गाडी मात्र सगळ्यात खाली, रेसच्या दालनात आहे. २८ जानेवारी १९३८ ला मर्सिडीजचा ड्रायव्हर रुडॉल्फ काराचोला याने फ्रँकफर्ट-डार्मश्टाट हायवेवर तिच्यातून ताशी ४३२.७ किलोमीटरचा स्पीड गाठला. त्याच दिवशी हा रेकॉर्ड मोडायच्या प्रयत्नात आउटो युनियन या प्रतिस्पर्धी जर्मन कंपनीचा ड्रायव्हर बर्न्ट रोझमायर मारला गेला. ही गाडी बघितली की चाकं पण झाकलेली दिसतात आणि पुढे जवळजवळ काहीच भोकं नाहीत. का? कारण एवढ्या स्पीडला गाडीचा खरा शत्रू म्हणजे हवा. स्पीड दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो अडथळा तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणूनच आपली साधी गाडी पण ८० ला छान अॅव्हरेज देते आणि एक्स्प्रेसवेवर १२० ला पेट्रोल ढोसते. रेडिएटरसाठी पुढे भोक ठेवलं की हवा आत शिरून अडथळा करते, म्हणून त्यांनी भोकं जवळपास बंद केली आणि इंजिन थंड ठेवायला चक्क बर्फ भरला. रेकॉर्डची पळवणी काही मिनिटांची, तेवढा वेळ बर्फ टिकला की झालं. मायबाखने वाऱ्याच्या तोंडावर आणून ठेवलेली चौकट ३७ वर्षांनी वाऱ्यासाठीच काढून टाकावी लागली, हे मला या म्युझियममधलं सगळ्यात सुंदर उदाहरण वाटतं.

१९५४ ची ३०० एसएल, पक्ष्याच्या पंखासारखी वर उघडणाऱ्या दारांची, तिच्यासमोर कायम गर्दी असते. दारं स्टाइलसाठी वर उघडतात असंच सगळ्यांना वाटतं. खरी गोष्ट अशी की गाडी हलकी करायला बारीक स्टीलच्या नळ्या त्रिकोणात जोडून फ्रेम केली, त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही म्हणून कमी वजनात मजबुती मिळते, पण या फ्रेमला बाजूने पण उंची लागते. म्हणजे जिथं नेहमीचं दार असतं तिथंच नळ्या. दाराचा उंबरठा एवढा उंच झाला की नेहमीसारखं बाजूला उघडणारं दार बसवून आत शिरता आलं नसतं, म्हणून दार छताला बिजागरी लावून वर न्यावं लागलं. उघडं दार असेल तर आत डोकावून उंबरठ्याची रुंदी बघा, आत बसायला स्टिअरिंग व्हीलसुद्धा खाली दुमडायची सोय होती. बॉनेट बुटकं ठेवायला इंजिन एका बाजूला तिरकं झोपवलंय. बॉनेटवर दोन लांबट फुगवटे आहेत, त्यातला एकच गरजेचा, खालच्या इंजिनला जागा द्यायला, दुसरा जोडी बरोबर दिसावी म्हणून. म्हणजे निव्वळ सौंदर्यासाठी काहीच करत नाहीत असं नाही, करतात, पण किती कमी ते बघण्यासारखं आहे. अशाच दारांची रेसिंग कूपे, ३०० एसएलआर उहलेनहाउट, जगात दोनच बनल्या. एक २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोला विकली गेली, दुसरी कंपनीने म्युझियमकडे ठेवली.

आता सेफ्टी. आपल्याकडे हमखास ऐकू येणारं वाक्य: "पूर्वीच्या गाड्या कशा दणकट होत्या, आताच्या नुसत्या पत्र्याच्या, जरा ठोकली की चेपते." चेपते हे खरं आहे, पण चेपलीच पाहिजे! हे ज्याने दाखवून दिलं त्याचं नाव बेला बारेनी, मर्सिडीजचाच इंजिनिअर, १९५१ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याचं म्हणणं असं की माणसं बसतात तो मधला भाग कडक पाहिजे आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा. क्रिकेटचा जोरात आलेला कॅच घेताना आपण हात मागे नेतो, ताठ ठेवला तर बोटं मोडतील, तेच इथं. हिशोबच करून बघा. गाडी ताशी ५० ने भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग अजिबात न चेपता दहा सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण शंभर पट झटका बसतो. पुढचा भाग साठ सेंटिमीटर चेपला तर हाच झटका सोळा-सतरा पटींवर येतो, आणि बेल्ट लावलेला माणूस त्यातून वाचू शकतो. चेपलेल्या पत्र्याने मार स्वतःवर घेतलेला असतो.

१९५९ च्या डब्ल्यू १११ सेडानमध्ये हे पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आलं. त्याच वर्षी कंपनीने गाड्या मुद्दाम आदळून बघायला सुरुवात केली, आधी ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) ओढायच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, गाडी खेचायचे, पुढे गाडीला गरम पाण्याच्या वाफेचं रॉकेट लावून. या गाडीला मागे दोन छोटे पंख आहेत, तेव्हाची अमेरिकन फॅशन, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या मागच्या कोपऱ्यांवर पण तीच छटा होती. गंमत म्हणजे लोकांना दिसले ते पंख, आणि ज्याने जीव वाचवले ते पत्र्याखाली, कोणालाच न दिसणारं. त्यानंतर १९७८ ला एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक पूर्ण लॉक होऊ नये आणि स्टिअरिंग वळत राहावं याची सोय, आणि १९८१ ला एअरबॅग. याच दालनात नारिंगी रंगाची सी १११ असते, पाचरीसारखी, प्रयोगासाठी बनवलेली, कधी विकलीच नाही.

या सी १११ च्या आकारात ब्रुनो साक्कोचा हात होता. हा मूळचा इटलीतल्या उडिनेचा, १९७५ ते १९९९ मर्सिडीजच्या डिझाइनचा प्रमुख. त्याची अडचण वेगळीच होती, त्याच्या गाड्या वीस-वीस वर्षं चालायच्या. दर सहा-सात वर्षांनी एकदम वेगळी गाडी आणली तर रस्त्यावरची कालचीच गाडी जुनाट दिसणार आणि घेणाऱ्याला फसल्यासारखं वाटणार. म्हणून नवीन मॉडेलमध्ये जुन्याची ओळख राहिली पाहिजे आणि एकाच वेळच्या लहान-मोठ्या गाड्या एकाच घरच्या वाटल्या पाहिजेत असा त्याचा नियम. त्याच्या काळातली १९८४ ची डब्ल्यू १२४ आपल्याकडच्या लोकांना ओळखीची वाटेल. मर्सिडीजने १९९५ मध्ये भारतात गाड्या बनवायला सुरुवात केली ती पिंपरीला टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात आणि याच मॉडेलने, चाकणचा कारखाना नंतरचा. (टेल्कोचं आणि त्यांचं नातं त्याहून जुनं, १९५४ पासून १५ वर्षं जमशेदपूरला दोघांनी मिळून ट्रक बनवले.) डब्ल्यू १२४ ला वायपर एकच आहे, आणि तो फिरताना कोपऱ्याकडे लांब होतो, मध्ये आखूड होतो, त्यामुळे एकटाच जवळपास सगळी काच पुसतो. ही गाडी कुठंही दिसली की वायपर चालू करायला सांगा, बघत राहाल.

जायचंच असेल तर: सोमवारी बंद असतं. एस-बान लोकल लाइन १ चं नेकारपार्क स्टेशन, तिथून चालत. चार तास तरी हातात ठेवा. तेवढे नसतील तर काळाप्रमाणे जाणारी वाटच धरा, पहिल्या दोन दालनांत निवांत वेळ घाला, मधे ३०० एसएलचा उंबरठा आणि खाली ती बर्फवाली रेकॉर्डची गाडी चुकवू नका. लहान मुलं बरोबर असतील तर उलट करा, आधी बस-ट्रक-फायर ब्रिगेडची वाट, कारण त्यांना रेडिएटरपेक्षा ते जास्त आवडतं. आणि संध्याकाळ मोकळी असेल तर बाट कानश्टाटच्या बागेत डाइमलरचं वर्कशॉप होतं ते छोटं घर आहे. रात्रंदिवस आतून ठोकाठोकीचे आवाज यायचे म्हणून माळ्याला संशय आला की इथं खोटी नाणी पाडतात, त्याने पोलिसांना कळवलं, पोलिसांनी गुपचूप झडती घेतली तर आत फक्त इंजिनाचे पार्ट आणि अवजारं सापडली असं सांगतात.